येते म्हणावं

शशीताई पुन्हा “येते” म्हणाल्या आणि मी हातातलं पेन टेबलावर आपटलं.

स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडे त्या चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. समोर माझ्या शेवटच्या भागाचं शेवटचं पान होतं आणि त्यावर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, “जाते.” एवढा एक शब्द म्हटला की सहा वर्षं चाललेली मालिका संपणार होती. मी बटण दाबून म्हटलं, “ताई, जाते. येते नाही.”

“येतेच म्हटलं का मी परत?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. “थांब, पुन्हा घेऊ.”

पुन्हा घेतलं. मालिकेतल्या सगुणाने किल्ली खांद्यावर घेतली, गार पाण्यात पाय घातला, मागे वळून तात्याकडे पाहिलं. शशीताईंचा आवाज इतका सुरेख लागला होता की माझ्या अंगावर काटा आला. आणि मग त्या म्हणाल्या, “येते.”

मला त्या खोलीचाच वीट आला होता. भिंतींना चिकटवलेल्या स्पंजला बुरशी धरली होती. एसी लावला की कुणाच्या तरी मोज्यांचा वास यायचा, बंद केला की सगळ्यांचा. कंपनीचा माणूस निहार माझ्या शेजारी बसून कचोरी खात होता आणि बोटांवरची चिंच-गुळाची चटणी चाटून त्याच बोटांनी माझ्या संहितेची पानं उलटत होता. पानांवर तपकिरी ठसे उमटत होते. मी पान ओढून घेतलं तर तो हसून म्हणाला, “रिलॅक्स, मॅम. दोन्ही चालेल. ऑप्शन ठेवू.”

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ‘सगुणा चावीवाली’ ही मालिका तेव्हा मोबाईलवर ऐकणाऱ्यांना सांगावी लागत नसे. आज सांगावी लागते. सगुणा पुण्यात महापालिकेची चावीवाली होती. भल्या पहाटे उठून लांब लोखंडी किल्लीने गल्लीगल्लीतल्या पाण्याच्या चाव्या फिरवायच्या, हे तिचं काम. पण रस्त्याखाली जुना पेशवाई नळ होता, आणि त्याच्या आणखी खाली माझ्या डोक्यातलं दुसरं शहर. तिथे पाण्यातल्या साती आसरा राहायच्या. पूल बांधताना पिंपळ पाडल्यामुळे बेघर झालेली भुतं राहायची. आणि तात्या नावाचा एक समंध राहायचा. तो पुरलेल्या हंड्याची राखण करत बसला होता. हंडा कुणीतरी कधीच उकरून नेला होता, त्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं, पण तात्याला ते सांगायचा धीर कुणालाच होत नव्हता. सगुणा दोन्ही शहरांचं पाणी वेगळं ठेवायची.

शेवटच्या भागात ते पाणी एक होऊ लागतं. ते थांबवायचं तर मुख्य चावी आतून बंद करावी लागते, आणि आतून बंद करणारा बाहेर येऊ शकत नाही. एवढी साधी गोष्ट. सगुणा जाते. परत येत नाही. म्हणून “जाते.”

हा शेवट मी कंपनीशी भांडून मिळवला होता. त्यांना सगुणाचं लग्न हवं होतं, पाणीपुरवठा खात्यातल्या त्या ज्युनिअर इंजिनीअरशी. तो बिचारा मी दोन भागांपुरता आणला होता, पण ऐकणाऱ्यांना आवडला. सगुणाला मारलंत तर ॲप काढून टाकू, असे निरोप रोज येत होते. एका बाईंनी तर नवस बोलल्याचं कळवलं होतं. मला लोकांच्या या लाडाची शिसारी येऊ लागली होती. सहा वर्षं एका बाईला गटारात उतरवून तिच्याकडून कामं करून घेतली, आणि आता तिला साधं मरूही देत नव्हते.

मी काचेचं दार ढकलून आत गेले. शशीताईंना विचारलं, बरं वाटत नाही का, उद्या घ्यायचं का. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटं ठेवलं.

शशिकला दिघे म्हणजे जुन्या प्रायोगिक रंगभूमीवरचं नाव. सत्तरीला आलेली बाई, पण आवाजाला सुरकुती नाही. मालिकेतली सगळी माणसं आणि सगळी भुतं त्या एकट्या बोलायच्या. तात्याचा तो किनरा, सर्दी झाल्यासारखा आवाज त्यांनीच शोधून काढला होता. माझं वाक्य बोजड झालं की रिक्षातून उतरता उतरता सांगायच्या, उल्का, सगुणा असं नाही बोलणार. आणि सगुणा खरंच तसं बोलली नसती.

“मला जमत नाहीये,” त्या म्हणाल्या. “तोंडातून निघत नाही. मी स्टेजवर विष प्यालेय, जळालेय, बाळंतपणात मेलेय. एकदा तर हत्तीच्या पायाखाली गेलेय. पण उंबऱ्यातून निघताना जाते म्हटलेलं नाही. आपल्यात म्हणत नाहीत गं.”

“ती मरायला निघालीय, ताई.”

“म्हणूनच तर येते म्हणायचं.”

मी त्यांना निघते म्हणून बघायला सांगितलं. शशीताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. निघते हा काय शब्द झाला, त्या म्हणाल्या, सगुणा काय भिशीहून निघालीय? त्यांचं बरोबर होतं. निघते म्हणजे पर्स शोधताना म्हणायचा शब्द.

मग माझा पारा चढला. मी म्हटलं, येते हा मराठीतला सगळ्यात खोटारडा शब्द आहे. येतो म्हणून सगळे जातात आणि मागे राहिलेल्यांना आयुष्यभर दाराकडे कान लावून बसायला लावतात. मला एक तरी बाई अशी हवी होती जी जाताना खरं बोलेल.

“कोण गेलं तुझं?” शशीताईंनी विचारलं.

“वडील. येतो म्हणून गेले. आले नाहीत.”

त्यांनी चष्मा खाली घेतला, पान सरळ केलं आणि मला बाहेर जायची खूण केली. मी बाहेर येऊन बसले. सगुणाने किल्ली खांद्यावर घेतली, पाण्यात पाय घातला, वळून पाहिलं. शशीताईंनी श्वास घेतला. खूप वेळ घेतला. आणि मग त्यांचे ओठ मिटले आणि डोळ्यांत पाणी आलं. शब्द आलाच नाही.

निहार हात पुसून भलताच प्रेमळ झाला. तो आत गेला, ताईंना वाकून काहीतरी म्हणाला, आणि दोघं चहाला बाहेर पडली. जाताना दारातून त्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्या साळव्यांना हळूच सांगितलं, जुन्या भागांतून बघा ना काही मिळतं का.

योसेफ साळवे हा सज्जन माणूस. सहा वर्षांत त्यांनी कुणाविषयी वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही, आणि कुणाचं ऐकायचं टाळलेलंही पाहिलं नाही. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. थोड्याच वेळात स्पीकरमधून शशीताईंचा आवाज येऊ लागला, तुकड्यातुकड्यांनी. “पावसात इथली लाईट जाते.” “अशाने पाण्याची चव जाते.” “ही बस स्वारगेटला जाते.”

“स्वारगेटची चांगली आहे,” साळवे म्हणाले. “शेवटी आवाज खाली उतरलाय.”

त्यांनी बसमधली जाते कापली आणि सगुणाच्या तोंडात बसवली. मागे थोडं पाणी सोडलं, थोडा घुमारा दिला. ऐकवलं.

चपखल बसली. हेच सगळ्यात किळसवाणं होतं. सगुणा किल्ली घेऊन पाण्यात उतरत होती, वळून बघत होती आणि स्वारगेटच्या बसमधला शब्द उच्चारून नाहीशी होत होती, आणि जगात कुणालाही ते कळलं नसतं. मी लिहिलेला शेवट मला अक्षरशः जसाच्या तसा मिळाला होता.

निहार परतला तो हसतच. त्याने एकदा ऐकलं आणि साळव्यांच्या पाठीवर थाप मारली. मी त्याला सरळ विचारलं, तुला तर ती परत यायला हवी होती ना, मग जातेला एवढा खूश का?

“मॅम, जाते म्हणाली म्हणून काय झालं? पाण्यात गेलीय. बॉडी कुठे मिळालीय?” तो म्हणाला. “सातव्या सीझनला आणू की वर. जाते, येते, काय फरक पडतो?”

सकाळपासून आम्ही दोन बायका एका शब्दासाठी जीव टाकत होतो, एकमेकींशी भांडत होतो, आणि या माणसाच्या लेखी दोन्ही शब्दांची किंमत सारखीच होती, म्हणजे शून्य. मला त्या क्षणी त्याचा जितका तिटकारा आला तितका नंतरही कुणाचा आला नाही. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं की त्या इमारतीत सगुणाला खरी मानणारं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, आणि ते मला जाते म्हणून द्यायला तयार नव्हतं.

शशीताई दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते आम्हाला कळलं नाही. साळव्यांनी तुकडा पुन्हा लावला होता आणि स्पीकरमधून त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाल्या, “हे मी म्हटलं नाही.”

निहार गडबडीने सांगू लागला की करारात तसं कलम आहे, आवाज तर त्यांचाच आहे, त्यांना त्रास नको म्हणून केलं. त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“तुम्ही लोकांनी ते माझ्या तोंडात घातलंत, उल्का.”

मी साळव्यांना तो तुकडा काढून टाकायला सांगितला. निहारला म्हटलं, तू बाहेर बस, कचोरी खा, फोन कर, काहीही कर, पण इथे नको. तो तोंड वाकडं करून गेला. शशीताई आतल्या खोलीत जाऊन पिशवी भरू लागल्या. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. तोंडात घातलंत, हे त्यांचे शब्द माझ्या कानातून जात नव्हते.

मी म्हटलं, ताई, मघाशी मी अर्धंच सांगितलं.

वडील गेले तेव्हा मी फलटणला शाळेत होते. ते सहकारी बँकेत कारकून. भर दुपारी बँकेतून घरी आले, चामड्याची बॅग भरली. आई आत भाकरी थापत होती. मी पुढच्या खोलीत भूगोलाचा नकाशा रंगवत होते. वडील दारात चपला घालत होते आणि त्यांनी आतल्या दिशेने म्हटलं, “जातो मी.” अगदी स्पष्ट. बँकेला निघताना ते असं कधी म्हणत नसत.

आईने मान वर केली नाही. परातीतून हातही काढला नाही. नेहमीच्या सवयीने, माझ्या मामाला म्हणायची, दूधवाल्याला म्हणायची, तसंच ती म्हणाली, “जातो काय? येतो म्हणावं.”

वडील एका पायात चप्पल घालून थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग ते म्हणाले, “येतो.” आणि गेले. इंदूरला त्यांचं दुसरं घर होतं, हे आम्हाला पुढे कळलं. ते तिथेच राहिले आणि तिथेच वारले.

आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, जाताना येतो म्हणाले होते. शेजारणींना सांगितलं, बँकेच्या मॅनेजरला सांगितलं, सोडचिठ्ठी घे म्हणणाऱ्या तिच्या सख्ख्या भावाला सांगितलं. त्या एका शब्दाच्या जोरावर ती सणाला त्यांच्यासाठी पुरणपोळी बाजूला काढत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी ती वाळलेली पोळी मला दुधात कुस्करून खावी लागायची. मला पुरणाच्या वासाने अजून मळमळतं. येतो हा शब्द तिनेच त्यांच्या तोंडात घातला होता, हे ती कधी बोलली नाही. तिला आठवत होतं की नव्हतं, तेही मला माहीत नव्हतं.

शशीताई पिशवीचे बंद धरून ऐकत होत्या.

“म्हणजे तुझे वडील खोटं बोललेच नव्हते,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“आणि आईही काही चुकीचं बोलली नव्हती. आपल्यात म्हणतातच.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “मला तरी काय होतंय सांगू? जाते म्हटलं की कुणीतरी टोकायला हवं. तुझ्या पानावर कुणी टोकतच नाही. ती म्हणते जाते आणि तो मेला तात्या नुसता बघत बसतो. असं होईल का कुठे? भूत झाला तरी पुण्याचा बामण आहे तो.”

मला हसू फुटलं आणि रडूही. मी माझ्या प्रतीतलं शेवटचं पान काढलं. निहारच्या चटणीचे डाग चुकवून तळाशी एक ओळ लिहिली आणि पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. पिशवी खाली ठेवली.

साळव्यांनी खूण केली. सगुणाने किल्ली खांद्यावर घेतली. पाण्यात पाय घातला. वळून पाहिलं.

“जाते,” शशीताई म्हणाल्या. सहज म्हणाल्या, जणू जन्मभर तोच शब्द म्हणत आल्या होत्या. आणि लगेच त्या किनऱ्या, सर्दट आवाजात, नेहमीच्या सवयीने तात्या म्हणाला, “जाते काय? येते म्हणावं, सगुणे.”

पुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. शशीताई पानाकडे बघत गप्प राहिल्या. साळव्यांनीही बंद करायची घाई केली नाही. पाणी वाहत राहिलं, मग मोठं लोखंडी चाक फिरल्याचा आवाज आला, आणि पाणी थांबलं. सगुणाने उत्तर दिलं नाही.

भाग प्रसिद्ध झाला आणि जो गोंधळ व्हायचा तो झाला. निम्म्यांनी लिहिलं की असा शेवट ऐकला नव्हता, आम्ही गाडी कडेला घेऊन रडलो. निम्म्यांनी लिहिलं की लेखिकेने शेपूट घातली, धड मारलंही नाही आणि धड जगवलंही नाही. त्या ज्युनिअर इंजिनीअरचं काय झालं, हे मी सांगायलाच विसरले होते. बार्शीच्या एका गृहस्थांनी विचारलं की शेवटच्या प्रसंगात आसरा सहाच आहेत, सातवी कुठे गेली? मी पुन्हा ऐकून बघितलं. खरंच सहाच होत्या. सहा वर्षं वाढवलेली एक अख्खी आसरा मी वाटेत कुठेतरी हरवली होती आणि ती आजतागायत सापडलेली नाही.

निहारचा फोन आला. तो म्हणाला, मॅम, जीनियस, तुम्ही दोन्ही दरवाजे उघडे ठेवलेत. मी फोन आपटला. कंपनीने माझ्याविना सातवं पर्व काढलं नाही, पण दुसऱ्याकडून तात्याची वेगळी मालिका लिहून घेतली. त्यात तात्याचा आवाज तरुण आहे, त्याला एक मोटरसायकल आहे, आणि त्याचा हंडा सापडतो. मी पहिला भाग अर्धा ऐकला आणि कानातली बोंडं काढून डब्यात टाकली. शशीताईंनी तो पूर्ण ऐकला. फोनवर म्हणाल्या, घाण आहे गं, पण मोटरसायकलचा आवाज चांगला काढलाय.

सुट्टीत फलटणला गेले. आईला मी मोबाईल घेऊन दिला होता आणि सगुणा लावायला शिकवलं होतं. तिने सगळे भाग ऐकले होते, पण माझ्याशी कधी त्याविषयी बोलली नव्हती. एकदाच म्हणाली होती, तुझ्या भुतांना भूक कशी लागत नाही गं? शेवटच्या भागाविषयी मी विचारलं नाही. ती विचारेल म्हणून मला धडकी भरली होती. मी तिचेच शब्द उचलून भुताच्या तोंडी घातले होते आणि गावभर वाजवले होते. जी गोष्ट ती आयुष्यभर बोलली नाही ती मी तिला न विचारता जगाला ऐकवली होती.

दुपारी ती गवार मोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून शिरा काढू लागले. तिने ताटातली गवार हाताने सारखी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “ऐकला तुझा शेवट.”

मी म्हटलं, “कसा वाटला?”

“तात्या येते म्हणावं म्हणाला तरी ती काही बोलली नाही.”

“नाही बोलली.”

“बरं केलंस,” आई म्हणाली. “बोलली असती तर तो बसला असता वाट बघत.”